गोंगाटातून निवडलेली लाट

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला भाकरी आणि लसणाची चटणी आठवली असेल, तर त्यात तुमची चूक नाही. माझ्या अंगावरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय आणि करड्या पत्र्याला कडेकडेनं गंज चढलाय. पण मी भाकरीचा डबा नाही. मी कान तपासतो, आणि तेही कानात न डोकावता. माणसाच्या डोक्याला चकत्या चिकटवायच्या, त्याला आवाज ऐकवायचा आणि त्याचा मेंदू त्या आवाजाला ओ देतो का ते बघायचं, हा माझा धंदा. सध्या दौंड स्टेशनजवळच्या एका इमारतीत, माडीवरच्या अडगळीच्या खोलीत, एक पाय मोडलेली खुर्ची आणि एक मुका पंखा यांच्यामध्ये मी बसून असतो. बोलायला कुणी नाही, म्हणून आज तुम्हाला धरलंय.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्या पोटातल्या बारीक बारीक तारा एकेक करून जोडल्या. तो गरम डाखाचा वास मला अजून आठवतो. आधी मी एका मोठ्या दवाखान्यात होतो. तिथं माझ्याहून हुशार यंत्र आलं आणि मला विकायला काढलं. तेव्हा दौंडच्या शाहिस्ताताईंनी मला घेतलं. कान तपासण्याचं शिक्षण पुण्यात घेऊन त्या नुकत्याच आपल्या गावी परतल्या होत्या. टेम्पोत मला जुन्या गादीत गुंडाळून त्यांनी आणलं आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला माझ्यावर हात ठेवला. इतकी काळजी मला घडवणाऱ्यांनीही घेतली नव्हती.

आता माझं काम जरा नीट सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. मेंदू कधी गप्प बसत नाही. डोळ्याची पापणी हलते, जबडा हलतो, पोटात भूक असते, मनात काहीतरी चाललेलं असतं. या सगळ्याचे इशारे एकमेकांत मिसळून डोक्यावरच्या चकत्यांपर्यंत येतात. त्यात आवाजाला दिलेला ओ इतका बारीक असतो की एकदा ऐकून तो सापडत नाही. समजा, तुम्ही जत्रेत हरवलात आणि आई तुम्हाला हाका मारतेय. गर्दीचा गलका दर वेळी वेगळा, पण हाक तीच. अशा शंभर हाका एकावर एक रचता आल्या, तर गलका एकमेकांतच जिरून जाईल आणि हाक तेवढी उरेल. मी तेच करतो. एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवतो आणि प्रत्येक आवाजानंतर मेंदूत जे उमटतं ते एकावर एक रचत जातो. जे दर वेळी ठरल्या क्षणी येतं ते साठतं. जे वाटेल तेव्हा येतं ते कधी वर, कधी खाली होऊन पुसलं जातं. शेवटी पडद्यावर एक लाट उरते. शाहिस्ताताई म्हणायच्या, हे तांदूळ निवडण्यासारखंच आहे, फक्त इथं सुपात खडेच जास्त.

पण एक मर्यादा मला आहे. आवाजाच्या तालात जे येईल ते मी ठेवून घेतो. ते कानातूनच आलं की दुसऱ्या वाटेनं, हे मला विचारता येत नाही.

ते दिवस फार चांगले होते हो. शिरूर, केडगाव, पाटस, कुठून कुठून माणसं यायची. लेकराला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून आया त्याच्या डोक्याला चांगलं चापूनचोपून तेल लावून आणायच्या, आणि तेलावर माझी चकती काही केल्या चिकटायची नाही. शाहिस्ताताई हसत हसत स्पिरिटनं ते तेल पुसायच्या. "एवढं तेल भाजीत घातलं असतं तर दोन दिवस पुरलं असतं," असं म्हणायच्या, आणि त्या आया लाजायच्या. दसऱ्याला खालच्या औषधाच्या दुकानातून माझ्यासाठी झेंडूची माळ यायची. संध्याकाळी स्वच्छ पुसून, वर नक्षीचा रुमाल टाकून मला झाकलं जायचं. स्टेशनात इंजिन शंटिंग करताना काचा थरथरायच्या आणि मला उगाच वाटायचं, ही सगळी गाडी माझ्यासाठीच थांबलीय.

मग नवं यंत्र आलं. पुस्तकाएवढा लहान संगणक. कानामागून आला आणि तिखट झाला! मला या अडगळीत हलवलं तेव्हा मी त्याचा फार राग केला. आता करत नाही. तो माझ्याहून भराभर काम करतो, आणि जे मिसळलेलं मला वेगळं करता यायचं नाही त्यातलं बरंचसं तो करतो म्हणे. करू दे बापडा. पण एक दिवस असा आहे की तो त्याच्या वाट्याला कधी यायचा नाही. तोच तुम्हाला सांगायचाय.

तेव्हा रांजणगावच्या कंपन्या नव्या नव्या सुरू होत होत्या. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून, न्हावऱ्यामार्गे एसटीनं, तिघं जण आले. डोक्याला तांबडा पटका बांधलेले रखमाजी आबा, त्यांची सून ललिता, आणि ललिताच्या कडेवर अडीच वर्षांची अंकिता. अंकिताचा बाप मल्हार कंपनीत पहिल्या पाळीला होता, त्याला रजा मिळाली नव्हती. "आबा म्हनतील तसं करा," एवढं सांगून तो पहाटेच कंपनीच्या बसमध्ये बसला होता.

अंकिता एक शब्दही बोलत नव्हती.

"म्याडम, पोर ऐकती बरं का," आबा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "आमच्या बिरोबाच्या जत्रंत ढोल म्या वाजवतो. माझ्या बापानं वाजवला, आज्यानं वाजवला. ढोलावर टिपरू पडलं की ही नाचाय लागती. ऐकू येत नसतं तर नाचली असती व्हय?"

"आणि तुला काय वाटतं?" शाहिस्ताताईंनी ललिताला विचारलं.

ललितानं आधी सासऱ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "मागनं हाक मारली तर वळत न्हाई, म्याडम. परवा तिच्या पाठीमागं पातेलं पडलं. मांजर पळालं, पर ही हलली न्हाई."

"आगं, लेकरू नादात आसतंय," आबा म्हणाले. "ह्यो मल्हार बी तीन वर्साचा हुस्तवर बोलला न्हवता. उशिरा बोलतात आमच्यात."

शाहिस्ताताईंनी खुर्ची जवळ ओढली. "आबा, उशिरा बोलत असेल तर आनंदच आहे. पण ऐकू येत नसेल, तर वाट बघणं परवडायचं नाही. शब्द शिकायचं वय हेच. आत्ता कानाला यंत्र लागलं तर ती बोलायला शिकेल. हे दिवस निघून गेले, तर मग यंत्र लावूनही बोलणं तिला फार जड जाईल."

"आन् ऐकत आसंल तर?"

"तर तुम्ही म्हणता तसं. घरी न्या, ढोल वाजवा."

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा खरं सांगंल?"

"सांगेल," ताई म्हणाल्या. मित्रांनो, तेव्हा माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू!

ही तपासणी जागेपणीच करायची असते. झोपेचं औषध दिलं की लाट मंदावते. पण अंकिता शांत बसेल तर ना. चकती लावली की ती उपटायची आणि किंचाळायची. ललितानं मांडीवर घेतलं, तरी तेच. शेवटी आबांनी तिला छातीशी धरलं आणि पाठीवर थोपटायला सुरुवात केली. लगेच पोर निवांत झाली. डोळे उघडे, गाल आबांच्या सदऱ्यावर.

"मी थोपटलं तर चालंल का?" आबांनी विचारलं.

"थोपटा की. सगळ्याच आया थोपटतात," ताई म्हणाल्या.

आणि ते खरंच होतं. थोपटणाऱ्याचा हात कधी आवाजाच्या आधी पडतो, कधी नंतर. असा हात मी सहज पुसून टाकतो.

ताईंनी मोठ्या आवाजापासून सुरुवात केली. स्पीकरमधून टूं... टूं... असा सूर निघू लागला. प्रत्येक सुराबरोबर माझ्या कपाळावरचा तांबडा दिवा लुकलुकत होता. मी एकावर एक रचायला लागलो. आणि काय सांगू, थोड्याच वेळात पडद्यावर लाट उभी राहिली! स्वच्छ, ठसठशीत. इतकी सुंदर लाट मी फार थोड्या वेळा पाहिली होती.

"ही लाट हाय का?" आबांनी मान वळवून विचारलं.

"हो, आबा."

"बगा! म्या काय म्हनलं व्हतं?" म्हातारा माणूस लहान पोरासारखा हसला. "ढोलवाल्याची नात हाय ती!"

ललिताच्या तोंडावरही हसू आलं. पण ते अर्ध्यातच थांबलं. लेकरू ऐकतंय हे तिलाही हवंच होतं. पण रोज पाठीमागून हाक मारणारी ती होती.

आबा उठायला लागले. ताईंनी त्यांना थांबवलं. रीतच तशी असते. मोठ्या आवाजाला लाट आली की आवाज कमी कमी करत जायचं. आवाज जसा लहान होतो तशी लाटही लहान होते आणि जरा उशिरा येते. ताईंनी आवाज कमी केला. लाट तेवढीच. आणखी कमी केला. तरी तेवढीच, आणि त्याच जागी. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आवाजाचं बटण पुरतं बंद केलं. खोली शांत झाली. नुसता माझा दिवा लुकलुकत होता.

आणि पडद्यावर लाट पुन्हा उभी राहिली.

खोलीत आवाजच नव्हता, आणि मेंदू ओ देत होता. शाहिस्ताताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच मान वळवून आबांच्या हाताकडे पाहिलं. दिवा लुकलुकला, हात पडला. दिवा लुकलुकला, हात पडला. केसाचंही अंतर नाही.

"आबा, तुम्ही कशावर थोपटताय?"

"कशावर म्हंजी? आधी त्या टूंटूंवर थोपटत व्हतो. त्ये बंद झालं, तर ह्या दिव्यावर. म्या मुद्दाम न्हाई करत म्याडम. हाताला सवंच हाय. ताल दिसला की हात पडतोच."

दुसरा कुणी असता तर त्याचा हात चार-दोन ठोक्यांत मागेपुढे झाला असता. हा तीन पिढ्यांचा ढोलवाला होता. त्याचा हात चुकत नव्हता, आणि म्हणूनच सगळं चुकलं होतं.

ताईंनी आबांना समजावून सांगितलं. एकेक शब्द जपून बोलत होत्या त्या. "आबा, अंकिताच्या पाठीला तुमचा हात कळतोय. तिचा मेंदू त्या हाताला ओ देतोय. आवाज आणि हात एकाच वेळी आले, म्हणून आपल्याला वाटलं, आवाजाला दिला."

आबांनी मान वाकवून नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तर मग जत्रंत... ढोलाला नाचती ती?"

"ढोल वाजला की जमीन हादरते ना आबा? छातीत धडधडतं. ते तिला कळत असेल."

"म्हंजी ढोल तिला ऐकूच आला न्हाई?"

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याच्या हातातून कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता, आणि तरी तो हात नातीच्या पाठीवर पडतच होता.

आता खरं काय ते कळायला हवं होतं. थोपटणं थांबवलं की पोर किंचाळायची. शेवटी ताई म्हणाल्या, "आबा, थोपटा. पण ताल चुकवा."

"काय?"

"या दिव्याच्या तालात हात पडू देऊ नका. कसाही पाडा, वेडावाकडा."

"उभ्या जन्मात ताल चुकला न्हाई माझा," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता. "चारचौघांत एकदा जरी चुकला आसता तर ढोल खाली ठिवला आसता म्या. आन् तुमी म्हनता मुद्दाम चुकव?"

"तिच्यासाठी," ताई म्हणाल्या.

आबांनी प्रयत्न केला. खरंच केला. चार ठोके वेडेवाकडे पडायचे आणि पाचवा पुन्हा तालावर यायचा. ताईंनी दिव्यावर रुमाल टाकला, तर हात सुराच्या मागं जायला लागला. आबांच्या कानात कापसाचे बोळे घातले, तरी मनात धरलेला ठेका सुटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. आबांना घाम फुटला. "न्हाई जमत ह्ये," ते जोरात म्हणाले, कारण कानात कापूस होता.

तेव्हा ललिता पुढं झाली. तिनं आबांच्या एका कानातला कापूस काढला आणि म्हणाली, "मामा, ताल सोडू नका. दुसरा धरा. तिच्या श्वासावर थोपटा. तिचा श्वास काय ह्या डब्याला इचारून चालत न्हाई."

मला डबा म्हणालेलं एरवी आवडत नाही. त्या दिवशी चाललं.

आबांनी कापूस परत घातला आणि डोळे मिटले. हनुवटी अंकिताच्या डोक्यावर टेकवली. जरा वेळ त्यांनी हात तसाच धरून ठेवला आणि तिचा श्वास ओळखून घेतला. मग थोपटायला लागले. श्वास कधी लांबत होता, कधी आखूड होत होता, मध्येच एखादा उसासा येत होता, आणि हात त्याच्यामागून जात होता. माझा सूर आपल्या वाटेनं, त्यांचा हात आपल्या वाटेनं.

मी पुन्हा पहिल्यापासून रचायला घेतलं. ती सुंदर लाट विरघळायला लागली. हळूहळू रेघ सपाट झाली. बारक्या आवाजाला सपाट. मधल्या आवाजाला सपाट. ललितानं पदर तोंडाला लावला. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि पडद्यावर दिसणं वेगळं. आबा डोळे मिटून होते. त्यांना काहीच दिसत नव्हतं, ते नुसते थोपटत होते.

शेवटी ताईंनी सगळ्यात मोठा, जाड, खालच्या पट्टीतला सूर लावला. मी रचत गेलो. आधी काही नाही. मग रेघेला मध्येच एक लहानसा उंचवटा आला. खऱ्या लाटेला येतो तितका उशीर त्यालाही झाला होता. ताईंनी श्वास रोखला. तोच सूर पुन्हा लावला आणि नवी रेघ जुन्या रेघेवर ठेवली. उंचवटा त्याच जागी होता.

त्यांनी आबांच्या खांद्याला हात लावला. आबांनी डोळे उघडले, कापूस काढला.

"ही लाट तिची आहे, आबा," ताई म्हणाल्या. "आपल्यापैकी कुणाची नाही. तिला थोडं ऐकू येतं."

"थोडं म्हंजी किती?"

"फार थोडं. पण आहे. यंत्र लावलं तर त्या थोड्यावर तिला उभं करता येईल."

आबांनी त्या इवल्याशा उंचवट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. आधीची लाट केवढी मोठी होती. ही दिसतही नव्हती नीट. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, पोरीला खांद्यावर टाकेल आणि म्हणेल, आमच्यात उशिरा बोलतात.

"कवा लावायचं?" त्यांनी विचारलं.

ललिता तिथंच, जमिनीवर बसली.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी मल्हारही रजा टाकून आला होता. त्या काळी लहान मुलांची श्रवणयंत्रं काड्यापेटीहून जराशी मोठी असायची आणि तिथून कानापर्यंत तार जायची. ललितानं ती पेटी ठेवायला अंकिताच्या झग्यावर छातीशी एक खिसा शिवून आणला होता, आणि त्यावर लाल धाग्यानं फूल काढलं होतं. डोक्याला तेल मात्र नव्हतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं, जरी त्या दिवशी माझं काहीच काम नव्हतं.

ताईंनी तारेच्या टोकाचा, कानाच्या मापाचा साचा अंकिताच्या कानात बसवला आणि हळूच बटण फिरवलं. अंकिताचे डोळे मोठे झाले. ओठ वाकडे झाले आणि तिनं भोकाड पसरलं. मल्हार घाबरून पुढं धावला. "काढा म्याडम, दुखतंय तिला!" ताईंनी हात आडवा केला. "थांबा जरा."

आणि अंकिता रडता रडता एकदम थांबली.

तिनं दाराकडे पाहिलं. मग आईकडे, मग आबांकडे. कोण रडत होतं ते ती शोधत होती. कुणीच रडत नव्हतं. तिनं तोंड उघडलं, एवढंसं "आँ" केलं आणि थांबून ऐकलं. परत केलं. परत ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण ती आता रडत नव्हती. अडीच वर्षं ती रडत आली होती, आणि रडण्याला आवाज असतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी माझी तक्रार नाही. माझं काम करून झालंय. पण तुमच्या घरात, शेजारात एखादं धाकटं लेकरू पाठीमागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, तर मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, बोलेल उशिरा. तरी पुन्हा सांगा, ललितासारखं खाली मान घालून का होईना, पण सांगा. मोठी माणसं मायेनंच चुकतात, आणि मायेनं झालेली चूक लवकर दिसत नाही.

त्या दिवशी खालच्या रस्त्यावर एसटी निघून गेली, पुढची यायला पुष्कळ वेळ होता, पण कुणी उठलं नाही. अंकिता आबांच्या मांडीवर बसून खोटं खोटं रडत होती, थांबून ऐकत होती आणि पुन्हा रडत होती. आणि चार मोठी माणसं डोळे पुसत तिला खुशाल रडू देत होती.